शृंखलेतून वस्तूची घडण

संगणकाच्या आज्ञावलीत ‘वस्तू’ म्हणजे काही माहिती आणि तिच्यावर करावयाच्या क्रिया यांचे एकत्र बांधलेले गाठोडे होय. साधी वस्तू एका दमात घडविता येते. प्रवासाच्या तिकिटाचे तसे नाही. निघण्याचे व पोहोचण्याचे स्थानक, जाण्याचा दिवस, परतीचा दिवस, उतारूंची नावे ही सारी मूल्ये केवळ क्रमाच्या भरवशावर एका ओळीत दिली, तर दोन तारखांची अदलाबदल झालेली वाचणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

युकिहिरो मात्सुमोतो यांनी निर्मिलेली रूबी ही भाषा १९९५ मध्ये जपानमध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्या २०१३ मधील २.० या आवृत्तीपासून मूल्ये नावानिशी देण्याची सोय झाली व ही अडचण पुष्कळशी दूर झाली. तथापि मूल्ये हाती येतील तसतशी भरावयाची असतील, तर शृंखलेची रीतच अधिक सोयीची. तीत ‘रचनाकार’ नावाची एक वेगळी वस्तू असते. तिची प्रत्येक पद्धत एकेक मूल्य नोंदवून घेते आणि अखेरीस ‘सेल्फ’, म्हणजे स्वतः रचनाकारच, परत करते. म्हणून एका हाकेला दुसरी हाक जोडता येते.

रूबीत पद्धतीतील शेवटच्या पदावलीचे मूल्य हेच सामान्यतः तिचे फलित असते. शेवटचा ‘सेल्फ’ लिहावयाचा राहिला, तर नुकतीच नोंदलेली तारीखच परत येते, पुढील हाक त्या तारखेला जाते आणि ‘अशी पद्धत नाही’ असा दोष उद्भवतो. नावाच्या शेवटी बरोबरचे चिन्ह असलेल्या नेमणुकीच्या पद्धतीही येथे निरुपयोगी. त्यांनी काहीही परत केले तरी नेमणुकीचे फलित उजवीकडील मूल्यच राहते. ‘युनिक’ या पद्धतीचे उद्गारचिन्हयुक्त रूप तर याहून फसवे आहे. यादीत पुनरुक्ती नसेल, तर ते ‘निल’ परत करते. त्यामुळे निर्दोष यादीवरच शृंखला तुटते!

आता तपासणी कोठे करावी? उतारूचे नाव रिकामे असेल, तर ते तेथल्या तेथे नाकारावे. चूक जेथे घडली तेथेच सापडते. परंतु परतीचा दिवस जाण्याच्या दिवसाआधीचा नसावा, हा नियम दोन मूल्यांमधला आहे. हाकांचा क्रम मोकळा असल्यामुळे पहिल्या हाकेच्या वेळी दुसरे मूल्य आलेले असेलच असे नाही. असे नियम, तसेच राहून गेलेल्या मूल्यांचा शोध, ‘बिल्ड’ या अखेरच्या पद्धतीकडे सोपवावा लागतो. तेथे सर्व दोष गोळा करून एकदमच ‘आर्ग्युमेंट एरर’ उभी करणे इष्ट; अर्जातील एकेक चूक दाखवून दर वेळी माणसाला माघारी धाडणारा कारकून कोणास आवडतो?

तपासणीत उतरलेले तिकीट ‘फ्रीझ’ने गोठविले, तरी ते गोठणे वरवरचे असते. तिकीट बदलत नाही, आतील उतारूंची यादी मात्र उघडीच राहते. रचनाकाराने स्वतःची यादीच तिकिटाला देऊन टाकली असेल आणि त्याच रचनाकाराकडून दुसरे तिकीट घडविताना तीत नवे नाव घातले, तर ते पहिल्या तिकिटावरही उमटते. म्हणून ‘बिल्ड’ने यादीची प्रत काढावी, ती गोठवावी आणि मगच तिकिटाच्या स्वाधीन करावी.