साठ, ऐंशी आणि चाळीस मीटर

डिसेंबरची रात्र आहे, गळीत हंगाम ऐन भरात आहे. वाळवा तालुक्यातल्या एका सरळ दुपदरी रस्त्यावर दोन मोटरसायकली चालल्या आहेत. एकीचा काटा ६० वर आहे, दुसरीचा ८० वर. मागची पुढचीला गाठते आणि दोन्ही अगदी एका रेषेत येतात. नेमक्या त्याच क्षणी दोघांच्या दिव्यात समोर उभी असलेली उसाची ट्रॉली येते. अंतर चाळीस मीटर. दोघांची नजर सारखीच तीक्ष्ण, ब्रेक सारखेच चांगले, रस्ता कोरडा. दोघंही एकाच वेळी ब्रेक दाबतात.

साठचा स्वार ट्रॉलीला टेकता टेकता थांबतो. ऐंशीचा स्वार ट्रॉलीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग किती असेल? बहुतेक लोक वीस सांगतात, कारण ऐंशीतून साठ गेले की वीस उरतात. खरं उत्तर आहे साठ. जिथे पहिला पूर्ण थांबला आहे, तिथे दुसऱ्याची गाडी अजून ताशी साठच्या वेगात आहे!

हे गणित कागदावर करून पाहावं असंच आहे. ट्रॉली दिसल्यापासून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात साठवाला १७ मीटर पुढे सरकतो, ऐंशीवाला २२ मीटर. म्हणजे ब्रेक लागेपर्यंत पहिल्याकडे २३ मीटर शिल्लक आहेत आणि दुसऱ्याकडे फक्त १८. चांगले ब्रेक कोरड्या डांबरावर दर सेकंदाला वेग ताशी २१-२२ किलोमीटरने कमी करतात. पहिल्याला थांबायला २३ मीटर लागतात, ते त्याच्याकडे आहेत. दुसऱ्याला ४१ मीटर हवेत, आणि मिळतात १८.

पण त्या १८ मीटरमध्ये त्याचा वेग फक्त वीसनेच का उतरावा? इथे निसर्गाचा एक विलक्षण नियम आडवा येतो. ब्रेक प्रत्येक मीटरमागे गाडीतली ठरावीक ऊर्जा काढून घेतात, ठरावीक वेग नव्हे. आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. साठचा वर्ग ३६००, ऐंशीचा ६४००. वेग एक तृतीयांशाने वाढला, ऊर्जा पाऊणपटीहून अधिक वाढली. ऐंशीवरून साठवर येण्यातच ६४०० पैकी २८०० खर्च होतात. म्हणजे थांबण्यासाठी लागणाऱ्या ब्रेकच्या अंतरापैकी शंभरातले चव्वेचाळीस हिस्से या पहिल्या वीसातच संपतात. गाडी सुरुवातीला हट्टाने पळत राहते आणि शेवटच्या काही मीटरमध्ये झपाट्याने थांबते. म्हणून कमी पडलेले काही मीटर नेहमी फार महाग पडतात.

हा वर्गाचा नियम माणसाला सहज सापडला नाही. अठराव्या शतकात विलेम ग्राव्हेसांडे या डच शास्त्रज्ञाने पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ चिकणमातीत टाकून पाहिले. दुप्पट वेगाने पडलेला गोळा मातीत दुप्पट नव्हे, चौपट खोल रुतत होता. एमिली द्यू शातले या फ्रेंच विदुषीने १७४० मध्ये आपल्या भौतिकशास्त्राच्या ग्रंथात या निष्कर्षाच्या बाजूने ठाम मांडणी केली. आदळताना ही ऊर्जा झेलायला मोटारीत बसलेल्याभोवती पत्रा, पट्टा आणि एअरबॅग असतात. मोटरसायकलस्वाराच्या बाबतीत मात्र मातीची जागा त्याचं स्वतःचं शरीर घेतं. ताशी साठने आदळणं म्हणजे १४ मीटरवरून, चार मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडण्याइतकं आहे. ऐंशीला ती उंची २५ मीटर होते. उंचीची भीती आपल्या अंगात खोल मुरलेली आहे, कठड्याशी गेलं की पाय आपोआप मागे येतात. वेगाची भीती मात्र शरीराला ठाऊकच नाही, कारण लाखो वर्षं माणूस आपल्या पायांनी धावला त्याहून फारसा वेगात कधी गेलाच नव्हता.

म्हणूनच हे काम आकड्यांवर सोपवावं लागतं. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर मोटरसायकलला कमाल ८० आणि इतर रस्त्यांवर ६० ची मर्यादा आहे. स्थानिक फलक त्याहून कमी सांगत असेल तर तो फलकच खरा. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले शंभरातले चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरचे होते, आणि एकूण मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले.

ही मर्यादा कुणी मोडली, हे ओळखणारं यंत्रही तितकंच अद्भुत आहे. महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीतली लेझर स्पीडगन येणाऱ्या गाडीवर अदृश्य प्रकाशाची बारीक बारीक स्पंदनं सोडते. प्रकाश सेकंदाच्या एक अब्जांश भागात फक्त तीस सेंटिमीटर जातो, आणि ती गन एवढ्याशा वेळाचा हिशेब ठेवते. गाडी जवळ येते तसतसं प्रत्येक स्पंदन आधीच्यापेक्षा किंचित लवकर परततं आणि त्या फरकातून वेग निघतो. सारं सेकंदाच्या एका लहानशा तुकड्यात आटोपतं. पोलीस रस्त्याच्या कडेला, थोड्या तिरक्या कोनात उभे असतात. त्या कोनामुळे गनवर येणारा आकडा खऱ्या वेगापेक्षा किंचित कमीच असतो. म्हणजे भूमिती थोडीशी चालकाच्याच बाजूने असते.

हा प्रकाश परत येतो त्यात गाडीच्या नंबरप्लेटचाही हात असतो. नव्या प्लेटवरचा चमकणारा पापुद्रा कुठूनही आलेला प्रकाश इकडेतिकडे न उधळता आला त्याच दिशेला माघारी पाठवतो. रिफ्लेक्टरचं तत्त्वही हेच आहे: एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन आरशांच्या कोपऱ्यात शिरलेला किरण तीनदा उलटतो आणि आलेल्या वाटेने परततो. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या चांद्रवीरांनी चंद्रावर असेच कोपरे मांडले. पृथ्वीवरून सोडलेला लेझर त्यांच्यावरून परततो आणि त्यावरून आजही चंद्राचं अंतर मोजलं जातं. उसाच्या ट्रॉलीला मागे लावलेली लाल पट्टी त्याच घराण्यातली! डिपरवर टाकलेल्या मोटरसायकलच्या दिव्यात मळकी ट्रॉली चाळीस-पन्नास मीटरवर आली तरच दिसते. तीच ट्रॉली स्वच्छ रिफ्लेक्टर लावलेली असेल तर कितीतरी लांबून चमकते. काही रुपयांची पट्टी स्वाराला शेकडो मीटर देऊन जाते. म्हणून कराड, वाळवा, पलूस, मिरज भागात प्रत्येक ट्रॉली आणि प्रत्येक बैलगाडी हंगामाच्या पहिल्या खेपेपासून मागून चमकलीच पाहिजे. ही जबाबदारी कारखान्याची, वाहनमालकाची आणि आरटीओची, तिघांचीही आहे.

सरळ रस्त्यावर वर्गाचा नियम अंतर खातो, घाटात तो टायरची पकड खातो. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे उतरताना लागणारं एस वळण आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. एप्रिल २०१८ मध्ये तिथे मजुरांना नेणारा ट्रक उलटून अठरा जीव गेले. ते वळण टाळता यावं हा तिथल्या नव्या जुळ्या बोगद्यांमागचा एक हेतू आहे. वळणावर गाडीला वळवणारं बळही वेगाच्या वर्गाने लागतं. तीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी तीसने जाताना मोटरसायकल साधारण १३ अंश झुकवावी लागते, साठने जायचं तर ४३ अंश. पसरणी घाटातल्या वळणावर थोडी खडी किंवा पहिल्या पावसाचा चिखल असेल तर टायर एवढा भार पेलत नाही. आणि टायरची पकड एकच असते. ती वळण्यात खर्च झाली की ब्रेकला उरत नाही. म्हणून वेग वळणाच्या आधी उतरवायचा, वळणात नाही.

एवढं सांभाळूनही कधी पडायला होतंच. तेव्हा उरतं ते हेल्मेट. १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स हा प्रसिद्ध ब्रिटिश अधिकारी मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केअर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे लष्करी निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ मध्ये हेल्मेटचा उपयोग आकड्यांनिशी दाखवला आणि ब्रिटिश सैन्याने ते सक्तीचं केलं. कवचाच्या आत असतो तो दाट थर्माकोलचा थर. डोकं आदळलं की तो दोन-अडीच सेंटिमीटर चेपतो. नुसती कवटी दोन-तीन मिलिमीटरमध्ये थांबली असती. थांबायला दहापट अंतर मिळालं की मेंदूवरचा झटका दहा हिश्श्यांपैकी एकावर येतो. अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर आढळलं, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ हेल्मेट चालवणाऱ्यालाही सांगतं आणि मागे बसलेल्यालाही. त्यावर आयएस ४१५१ चा शिक्का हवा आणि हनुवटीखालचा पट्टा आवळलेला हवा. पट्टा मोकळा असेल तर हेल्मेट डोक्याच्या आधीच रस्त्यावर जातं.

आता एक शेवटचा हिशेब. सांगली ते तासगाव अंतर सुमारे २५ किलोमीटर. ऐंशीने गेलं तर १९ मिनिटं, साठने गेलं तर २५. वाचतात ती सहा मिनिटं, तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. दुसरीकडे ट्रॉलीपासून चाळीस मीटरवर साठच्या स्वाराकडेही जवळजवळ काहीच शिल्लक उरलं नव्हतं. त्याला ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला असता किंवा रस्त्यावर चाकांना लागून आलेली माती पडलेली असती, तर तोही आदळला असता. पन्नासने येणारा स्वार मात्र तीस मीटरमध्ये थांबतो, दहा मीटर हाताशी राखून. फलकावरचा आकडा लख्ख दिवसासाठी, कोरड्या रस्त्यासाठी आणि जाग्या डोळ्यांसाठी आहे. तो कमाल आकडा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे. ऊसतोडीच्या दिवसांत अंधार पडला की साठच्याही खाली यावं. ट्रॉली दिसल्यावर ब्रेक सगळेच दाबतात, पण तो ब्रेक पुरणार का, हे ती दिसण्याआधीच आपल्या मुठीने ठरवलेलं असतं.