‘कोर्ट’चा खटला, ऑस्करपुढे

लेखमाला : पडदा आणि परीक्षक (भाग ५)

सप्टेंबर २०१५मध्ये अमोल पालेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या निवड समितीनं भारताची ऑस्कर प्रवेशिका म्हणून चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चं नाव जाहीर केलं, तेव्हा या चित्रपटाच्या पदरात आधीच भरपूर पडलेलं होतं. आदल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात ‘ओरिझोंती’ विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि पदार्पणाच्या चित्रपटाला मिळणारा ‘लायन ऑफ द फ्यूचर’ असे दोन सन्मान त्यानं मिळवले होते. मुंबई महोत्सवातही तो अव्वल ठरला आणि मार्च २०१५मध्ये सुवर्णकमळही आलं. ‘श्वास’ आणि ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’नंतर ऑस्करला निघालेला हा तिसरा मराठी चित्रपट होता. डिसेंबरात अकादमीनं परभाषिक चित्रपटांच्या विभागासाठी नऊ चित्रपटांची पहिली यादी काढली. ‘कोर्ट’ तीत नव्हता.

या अपयशाचं खापर चित्रपटाच्या दर्जावर फोडता येत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत इतक्या ताकदीचे मराठी चित्रपट हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. पण पुरस्काराची शक्यता जोखताना चित्रपट किती चांगला आहे याच्याइतकंच, तो कोण, कसा आणि किती वेळात पाहणार आहे याला महत्त्व असतं.

आधी चित्रपट. नारायण कांबळे हा म्हातारा लोकशाहीर वस्तीत कार्यक्रम करत असताना पोलीस त्याला व्यासपीठावरून उचलतात. आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून वासुदेव पवार या सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला. शाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक वीरा साथीदार यांनी केली होती. २०२१मध्ये करोनानं ते गेले. गाण्यांमागे संभाजी भगत आहेत, त्यामुळे ती चित्रपटापुरती रचलेली न वाटता थेट चळवळीच्या मंचावरून आल्यासारखी वाटतात. पुढे खटला चालतो, म्हणजे तारखा पडत राहतात.

या चित्रपटाची सगळी ताकद पवारच्या विधवेच्या जबानीत एकवटली आहे. ही भूमिका करणाऱ्या उषा बाणे स्वतः एका दिवंगत सफाई कामगाराच्या पत्नी. बचावाचे वकील विनय व्होरा (या भूमिकेत चित्रपटाचे निर्माते विवेक गोंबर) विचारत जातात आणि ती खालच्या पट्टीत उत्तरं देते. नवऱ्याला कामावर सुरक्षेचं कसलंच साहित्य मिळत नव्हतं. वास सहन व्हावा म्हणून तो दारू पिऊन उतरायचा. गॅसपायी त्याचा एक डोळा गेला होता. उतरण्याआधी तो आत खडा टाकून बघायचा. झुरळं बाहेर आली तर खाली हवा आहे, असं समजायचं. हे ऐकताना कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ सरकत नाही, मागून संगीत येत नाही, कोर्टात कुणी हळहळत नाही. न्यायाधीश लघुलेखकाला मजकूर सांगतात आणि कामकाज पुढे सरकतं. साक्ष देऊन बाहेर पडलेल्या बाईला कामाची गरज आहे, एवढंच प्रेक्षकाला नंतर कळतं.

छायालेखक मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर उभा असतो. रडायचं कुठे आणि चिडायचं कुणावर, हे प्रेक्षकानं स्वतःच ठरवायचं असतं. शाहिराला वीस वर्षं आत टाकायला निघालेल्या सरकारी वकील नूतनबाई (गीतांजली कुलकर्णी) इंग्रजी अमदानीतली कलमं भराभर वाचून दाखवतात आणि संध्याकाळी लोकलनं घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. गीतांजली यांनी ही बाई इतकी ओळखीची केली आहे, की तिचा राग करणं जड जातं. व्होरा गाडीत जॅझ ऐकत सुपरमार्केटमध्ये चीज आणि वाइन घ्यायला जातात. शेवटी उन्हाळी सुट्टी लागते, शिपाई दिवे मालवतो आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. चित्रपट इथे संपला असं वाटत असतानाच सहलीला गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेताना दिसतात. निकाल लागतच नाही.

आता त्या वर्षीची स्पर्धा बघावी. जिंकला हंगेरीचा ‘सन ऑफ सॉल’. त्यात कॅमेरा छळछावणीतल्या एका माणसाच्या चेहऱ्याला आणि मानेला चिकटून राहतो, सुटका देत नाही. नऊच्या यादीत जर्मनीचा ‘लॅबिरिन्थ ऑफ लाइज’ही होता. त्याचा विषयही कायद्याचाच, पण त्यातला तरुण सरकारी वकील नाझी गुन्हेगारांना न्यायालयात खेचण्यासाठी झगडतो. तिथे नायक आहे, ध्येय आहे, चढत जाणारं कथानक आहे. ‘कोर्ट’मध्ये यातलं काहीच नाही. अकादमीला न्यायालयाचं वावडं आहे असंही नाही, कारण इराणच्या ‘अ सेपरेशन’नं २०१२मध्ये हाच पुरस्कार मिळवला होता. मात्र त्या चित्रपटात रहस्याचा पीळ होता आणि तो प्रेक्षकाला पहिल्या प्रसंगापासून खुर्चीला खिळवत होता.

फरक परीक्षणाच्या रीतीतही होता. व्हेनिसला हाँगकाँगच्या दिग्दर्शिका ॲन हुई यांच्या अध्यक्षतेखाली मोजकी माणसं समोरासमोर बसली होती. अशा बैठकीत एखाद्याला चित्रपट थेट भिडला तर तो इतरांशी भांडून त्यांना पटवू शकतो. ऑस्करच्या या विभागात २०१५मध्ये ऐंशी देशांच्या प्रवेशिका होत्या आणि लॉस एंजेलिसमधले स्वेच्छेनं आलेले सभासद त्यातले आपल्या वाट्याचे बघून गुण देत. चर्चा नाही, फक्त बेरीज. बेरजेत सगळ्यांना बऱ्यापैकी आवडलेला चित्रपट पुढे जातो आणि थोड्यांना वेड लावणारा मागे पडतो. कान महोत्सवाचा सर्वोच्च मान मिळालेला रुमानियाचा ‘फोर मंथ्स, थ्री वीक्स अँड टू डेज’ २००८मध्ये असाच गळला, तेव्हा बरीच टीका झाली. त्यानंतर अकादमीनं नियम बदलला : नऊपैकी सहा नावं सभासदांच्या गुणांवर आणि तीन एका छोट्या समितीच्या मर्जीवर. ‘कोर्ट’ची खरी आशा या तीन जागांवर होती. तिथेही बात जमली नाही.

पैशाचा भाग थोडक्यात. अमेरिकेत ‘कोर्ट’ झाइटगाइस्ट या छोट्या वितरकाकडे होता, तर ‘सन ऑफ सॉल’मागे सोनी पिक्चर्स क्लासिक्स होती. ‘लगान’च्या वेळी आमिर खान आणि आशुतोष गोवारीकर लॉस एंजेलिसला मुक्काम ठोकून होते, तर ‘श्वास’साठी लोकांनी वर्गणी काढली होती. सभासदानं चित्रपट लावावा एवढ्यासाठीही खर्च लागतो. शांत, संथ चित्रपटाला तर तो जास्तच लागतो, कारण त्याची जाहिरात एका ओळीत होत नाही.

आता या विभागाची यादी पंधरा नावांची असते आणि सभासद घरबसल्या ऑनलाइन चित्रपट पाहतात. २०२२मध्ये गुजराती ‘छेल्लो शो’ त्या पंधरांत आला. आज ‘कोर्ट’ पाठवला असता तर पंधरांत बसण्याची संधी नक्कीच वाढली असती, अंतिम पाच नामांकनांत येण्याची फारशी नाही. घरच्या पडद्यावर, हाताशी फोन असताना, लांबून टिपलेली ती जबानी किती जण शेवटपर्यंत ऐकतील हा प्रश्न उरतोच. ताम्हाणे यांनी मात्र आपली चाल बदलली नाही. २०२०मध्ये ते ‘द डिसायपल’ घेऊन व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत उतरले आणि पटकथेचा पुरस्कार घेऊन आले.

(पुढच्या आठवड्यात : ‘द डिसायपल’ आणि व्हेनिसची मुख्य स्पर्धा)