चालतंय तोवर जुनं नाही

जुन्या वस्तूंचा नाद लागलेल्या माणसाला आयुष्यभर दोनच प्रश्न विचारले जातात. घरचे विचारतात, ‘ही अडगळ कधी काढणार?’ बाहेरचे विचारतात, ‘विकलं तर किती येतील?’ मी आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडे, लोणीत राहतो. त्यामुळे मला तिसराही प्रश्न येतो : ‘गुरुजी, हे शहरातलं खूळ इथं कशाला?’

पहिल्या दोन प्रश्नांना माझ्याकडे धड उत्तर नाही. तिसऱ्याला मात्र आहे. आमचा भाग कोरडवाहू. तालुक्यात कालव्याच्या पाण्यावर उसाचे मळे उभे राहिले, आम्ही बरीच वर्षं ज्वारी-बाजरी आणि पावसाची वाट यावरच काढली. अशा गावात वस्तू मोडली म्हणून टाकून देण्याची रीत नसते. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं, तर ते उघडून बसायचं. बैलगाडीची धाव सैल झाली, तर ती तापवून पुन्हा चढवायची. माझ्या पडवीतल्या दोन सायकली, कपाटातले तीन कॅमेरे आणि गोठ्याच्या जागी उभी असलेली १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी हे सगळं त्याच सवयीतून आलेलं आहे.

सुरुवात सायकलीपासून करतो, कारण माझीही तिथूनच झाली. वडिलांची सायकल मी पाचवीत असताना हाती आली. सीटवर बसून पाय पुरत नव्हते, म्हणून दांडीच्या खालून तंगडी घालून चालवायची. पुढे शिकायला पुण्याला गेलो तेव्हा ते शहर सायकलींचंच होतं. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडे, आणि डबलसीट पकडलं गेलं तर दंड. भाड्याची सायकल तासावर मिळे. आज ऐकणाऱ्याला हे गमतीचं वाटतं, पण त्या काळी गरीब विद्यार्थ्याला शहरभर फिरण्याची मुभा या दोन चाकांनीच दिली.

सायकल हे मला आजही सगळ्यांत प्रामाणिक यंत्र वाटतं, कारण तिच्यात काही लपवलेलं नाही. साखळी दिसते, दाते दिसतात, ब्रेकचे गज दिसतात. पायडल टकटक वाजलं तर कटर पिन झिजली असं समजावं. हँडल अडखळत वळलं तर वाटीतले छर्रे गेले. चाक डुलायला लागलं तर त्याचा आऊट काढायचा : सायकल उलटी करायची, चाक फिरवायचं, रिमजवळ खडू धरायचा आणि जिथे खडू लागेल तिथल्या स्पोकचे निपल थोडे थोडे पिळत जायचं. एका बाजूचा स्पोक ताणला की दुसऱ्या बाजूचा सैल करावा लागतो. हे सांगून येत नाही, बोटांना कळावं लागतं.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी २०१७ मध्ये सायकलींचं संग्रहालय उघडलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी तयार झालेली, घडी होणारी बीएसए पॅराट्रूपर तिथे पाहायला मिळते. सायकलींबरोबरच जुन्या घरांतल्या कितीतरी चिजा तिथे जपलेल्या आहेत. मी गेलो तेव्हा पाहता पाहता एकच गोष्ट मनात घोळत राहिली. या प्रत्येक सायकलीमागे तिला पुन्हा उभं करणारा कुणीतरी कारागीर असणार. सायकल पैसे देऊन मिळेल. ती जोडणारा हात कुठून मिळवायचा?

कॅमेऱ्याचीही गोष्ट हीच. माझ्याकडचा सगळ्यांत लाडका कॅमेरा आहे आग्फा क्लिक थ्री. एका पिढीच्या घरोघरच्या आल्बममधले चौकोनी फोटो याच डबीतून आले. हा कॅमेरा बडोद्याला तयार होत असे. एका रोलवर बारा फोटो. मागच्या लाल खिडकीतून आकडा पाहत रोल हाताने पुढे न्यायचा. तो सरकवायला विसरलं, तर एकावर एक दोन फोटो पडत. आमच्या काकांनी असाच एक फोटो काढलाय : धामणीच्या खंडोबाच्या देवळात आमची आजी उभी आहे आणि तिच्या पदरातून आमचीच बैलजोडी चाललेली आहे. घरात तो फोटो सगळ्यांत जपून ठेवलेला आहे.

पूर्वी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल गावच्या बाजारपेठेतही मिळे. तो कारखाना बंद पडला. आता बाहेरून आलेला एक रोल घ्यायचा आणि धुवायचा, तर खर्च हजाराच्या घरात जातो. पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते. म्हणून कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कधी ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा, आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून चार वेळा शटर दाबावं. न वापरलेलं यंत्र वापरलेल्यापेक्षा लवकर मरतं.

कॅमेरा उघडून बसण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला जाऊन चलच्चित्रांचा कॅमेरा घेऊन आले. कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेभाऊ-मामेभाऊ नात्यातले आनंदराव यांनी तर कॅमेरा स्वतःच बनवायचं मनावर घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. तरी बाबूरावांनी हे काम सोडलं नाही, आणि विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा पुरा केला. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. त्याच दामल्यांनी पुढे सहकाऱ्यांबरोबर १९२९ मध्ये ‘प्रभात’ उभी केली. म्हणजे मराठी चित्रपटाच्या वैभवाची एक मुळी कोल्हापुरातल्या त्या खटपटीत आहे. यंत्र कसं चालतं हे ज्यांनी हाताने जाणलं, त्यांना पुढे त्याच्याकडून काय करून घ्यायचं हेही सुचलं.

आता गाडी. पद्मिनी ही मूळची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्याला तयार केली. एके काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. तिथली नोंदणी झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तेव्हा मुंबईकरांनी हळहळून तिचे फोटो काढले.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, ब्रेक जड, धूर आजच्या गाड्यांपेक्षा नक्कीच जास्त. उन्हाळ्यात खेडचा घाट चढताना पेट्रोलची नळीतच वाफ होई आणि गाडी बंद पडे. मग पंपावर ओलं फडकं टाकून सगळं कुटुंब करवंदीच्या जाळीशी बसून राही. नवी गाडी असं करत नाही. पण नवी बंद पडली, की बॉनेट उघडून पाहण्यात अर्थ नसतो. तिला संगणक लावावा लागतो. पद्मिनी बंद पडली, तर प्लग काढून पाहावा, पॉइंट पॉलिश पेपरने घासावेत, कार्बोरेटरचा जेट फुंकावा. दहांत आठ वेळा तेवढ्यावर चालू.

हे सगळं मला मंचरच्या एका मिस्त्रींनी शिकवलं. मध्यंतरी गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली. जुन्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क १ एप्रिल २०२२ ला सहाशेवरून पाच हजार झालेलं. भंगारवाला दारात येऊन भाव सांगून गेला. घरात दोन तट पडले. मुलगा म्हणाला, ‘बाबा, आणखी थोडी वर्षं थांबलात तर ती व्हिंटेज होईल.’ ते खरं आहे. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाडीला वेगळी ‘व्हीए’ नोंदणी मिळते, त्यासाठी वीस हजार रुपये भरावे लागतात. पण ती गाडी मग रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती एवढ्यापुरतीच.

मी मिस्त्रींचा सल्ला घ्यायला मंचरला गेलो. गॅरेजला कुलूप होतं. घरी गेलो, तर मिस्त्री ओट्यावर बसलेले. हात थरथरत होते. मुलाचं मोबाइलचं दुकान आहे, ते चांगलं चालतं. म्हणाले, ‘गुरुजी, कागद करून घ्याल हो तुम्ही. माझ्यामागं हिचे पॉइंट कोण घासणार?’

तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं मी लोखंड जपत होतो आणि खरी दुर्मिळ वस्तू त्या ओट्यावर बसलेली होती. फियाटचे सुटे भाग अजून धुंडाळून मिळतात. पण आवाज ऐकून दोष सांगणारा कान कुठल्याही दुकानात मिळत नाही.

आमच्या शेजारचं पाबळ या बाबतीत शहाणं निघालं. मस्तानीच्या समाधीमुळे ते गाव लोकांना ठाऊक असतं. पण तिथेच डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुंबईतली संशोधनाची मोठी नोकरी सोडून १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वीज हे हाताने करत करत मुलांनी शिकावं, ही त्यांची धारणा. शाळेत नापास ठरलेली मुलं तिथे शिकून स्वतःच्या पायावर उभी राहिली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्ये देशातली पहिली फॅब लॅब निघाली ती पाबळलाच. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रमाचं काम पुढे चालू राहिलं.

तो धडा डोळ्यांसमोर ठेवून मी गाडीचे कागद नवे केले आणि रविवारी सकाळी पडवी उघडी ठेवायला लागलो. पुतण्याचा मुलगा आणि त्याचे सोबती मिळून सहा पोरं जमतात. मिस्त्रींना मी पद्मिनीतूनच घेऊन येतो. ते खुर्चीवर बसून सांगतात आणि पोरं हात काळे करतात. पहिल्या महिन्यात दोन बोल्ट हरवले, एक मडगार्ड वाकलं. चौथ्या महिन्यात एका मुलीने चाकाचा आऊट एकटीने काढला. मिस्त्रींनी चाक फिरवून पाहिलं, काही बोलले नाहीत, फक्त पान्हा तिच्या हातात ठेवला. त्यांच्या भाषेत ती पदवीच.

एकदा क्लिक थ्रीत रोल भरून दिला. बारा फोटो, सहा मुलं, प्रत्येकी दोन. ही मुलं मोबाइलवर दिवसाला पन्नास फोटो काढतात. इथे अर्धा दिवस गेला तरी कुणी बटण दाबेना. कशावर खर्चायचा म्हणून जो तो विचारात. न्हाणीघरात रोल धुतला आणि उजेडासमोर धरला, तर सहापैकी चौघांनी पहिला फोटो आपापल्या आजीचा काढलेला होता.

तुमच्याही माळ्यावर एखादी सायकल, कॅमेरा, शिवणयंत्र किंवा रेडिओ पडलेला असेल. तो खाली काढून पुसून ठेवणं सोपं आहे. त्याआधी ते यंत्र ज्याला उघडता येतं असा माणूस तुमच्या गावात, पेठेत कोण उरलाय, याचा शोध घ्या. सापडला तर त्याला घरी चहाला बोलवा आणि घरातल्या पोराला शेजारी बसवा. वस्तू आणखी दहा वर्षं माळ्यावर थांबेल. त्या माणसाकडे तेवढी सवड नाही.