सुंठ-गुळाचं घर

नाताळच्या सुटीत मुलांना काय करून द्यावं, हा प्रश्न तुम्हालाही पडत असेलच. ग्रिम बंधूंची हॅन्सेल-ग्रेटेलची गोष्ट १८१२ साली छापली गेली नि जर्मनीत अशी खाऊची घरं फार लोकप्रिय झाली.

मैदा ३ वाट्या, किसलेला गूळ १ वाटी, तूप अर्धी वाटी, सुंठ २ चमचे, चिमूटभर सोडा. थोड्या दुधात घट्ट भिजवावं. कागदी नमुन्यावरून भिंती-छप्पर कापून ओव्हनमध्ये कडक भाजावं. कडा गरम असतानाच सरळ कराव्यात, नाहीतर छप्पर बसायचं नाही!

जोडायला तिकडे अंड्याचा पांढरा भाग नि पिठीसाखर घेतात. आमच्या सासूबाईंना अंडं चालत नाही, अन् त्यांना वगळून कसली मजा? मी साखर कोरडीच वितळवून तांबूस पाक केला. तो झटकन धरतो, पण भाजतोही फार. मुलांना फक्त बडीशेपेच्या गोळ्या चिकटवू द्याव्यात.

देवरीच्या कोरड्या थंडीत घर कुरकुरीत राहिलं. धुराडं सासूबाईंनीच खाल्लं.