‘एवढा हुशार, मग कम्युनिटी कॉलेज का?’

“एवढा हुशार आहे ना तो, मग कम्युनिटी कॉलेजला का घातलं?” अमेरिकेतल्या मराठी घरांत मे-जून आला की हा प्रश्न हमखास कानावर पडतो. मंडळाच्या कार्यक्रमात, कुणाच्या ग्रॅज्युएशन पार्टीत, भारतातून आलेल्या व्हिडिओ कॉलवर. विचारणाऱ्यानं उत्तर मनात ठरवलेलंच असतं: दुसरीकडे कुठे ॲडमिशन मिळाली नसणार. ज्याच्याविषयी हे चाललेलं असतं, तो अठरा वर्षांचा मुलगा ताट हातात धरून तिथेच उभा असतो.

मला या प्रश्नाचा राग येतो, कारण त्यानं खरं नुकसान होतं. मुलं आपण कुठे शिकणार हे सांगायला कचरतात. आईवडील ‘लोकांना काय सांगायचं’ म्हणून घराबाहेरचं, खर्चिक कॉलेज पत्करतात आणि पहिल्याच वर्षी कर्जात उतरतात. म्हणून कम्युनिटी कॉलेज म्हणजे कमी मार्कांच्या मुलांची सोय आणि तिथे गेलं की मोठ्या विद्यापीठाचं दार बंद, या समजुतीचा आधी समाचार घेतो.

अमेरिकेतलं सर्वांत जुनं, आजही चालू असलेलं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएटचं. ते १९०१ साली सुरू झालं, आणि विद्यापीठाची पहिली दोन वर्षं गावातच शिकता यावीत हाच त्याचा हेतू होता. कॅलिफोर्नियानं १९६० च्या ‘मास्टर प्लॅन’मध्ये या कल्पनेला राज्याच्या धोरणाचं रूप दिलं. हायस्कूलच्या वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे यूसी, वरच्या तृतीयांशासाठी स्टेट युनिव्हर्सिटी आणि कम्युनिटी कॉलेज सर्वांसाठी खुलं. पुढची महत्त्वाची तरतूद मात्र कुणी सांगत नाही. कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांना जागा राहावी म्हणून विद्यापीठांनी वरच्या दोन वर्षांत खालच्या दोन वर्षांपेक्षा जास्त विद्यार्थी ठेवावेत, असं त्या आराखड्यात सांगितलं होतं. ज्याला आपले लोक मागचं दार समजतात, तो इमारतीच्या नकाशातच काढलेला दरवाजा आहे.

तो वापरात किती आहे तेही पाहा. दर दोन फ्रेशमनांमागे एक ट्रान्सफर विद्यार्थी घ्यायचा, हे यूसीचं उद्दिष्ट आहे. यूसीत येणाऱ्या ट्रान्सफर विद्यार्थ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त कॅलिफोर्नियाच्याच कम्युनिटी कॉलेजांतून येतात. बर्कले आणि लॉस एंजेलिसला हायस्कूलमधून थेट अर्ज करणाऱ्या शंभरांत दहाच्या आसपास मुलांना प्रवेश मिळतो. ट्रान्सफरच्या अर्जदारांत हे प्रमाण अलीकडच्या वर्षांत चौथाईच्या जवळपास आहे. कॉम्प्युटर सायन्सला ते बरंच खाली येतं, हेही सांगायला हवं, कारण आपल्याकडे प्रत्येक घराला तेच हवं असतं. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे यूसीचे सहा कॅम्पस तर ‘टॅग’ नावाची लेखी हमी देतात: ठरलेले विषय ठरलेल्या ग्रेडनं पूर्ण करा, जागा तुमची. काही मेजर, म्हणजे पदवीचे मुख्य विषय, या हमीतून वगळलेले असतात आणि हमी एकाच कॅम्पसची घेता येते. तरीही हायस्कूलमधल्या कोणत्या मुलाला डेव्हिस-अर्व्हाइनसारख्या संस्थांपैकी एखादीनं अशी अट आधी सांगून हमी दिली आहे?

“पण मग तिथे गेल्यावर ही मुलं मागे पडत असतील,” असा पुढचा वार येतो. जॅक केंट कुक फाउंडेशननं २०१९ मध्ये निवडक प्रवेश देणाऱ्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कम्युनिटी कॉलेजातून आलेल्यांपैकी ७५ टक्के मुलं पदवी घेऊन बाहेर पडली, हायस्कूलमधून थेट आलेल्यांपैकी ७३ टक्के. म्हणजे मागे पडणं तर नाहीच. आणि पदवीच्या कागदावर बर्कलेचंच नाव असतं, पहिली दोन वर्षं कुठे काढली हे त्यावर छापलेलं नसतं.

हे सगळं आपल्या लोकांना नवीन वाटावं याचंच मला नवल वाटतं. दहावीनंतर पॉलिटेक्निकला डिप्लोमा करून इंजिनियरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला आलेली मुलं महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजात होती. वर्कशॉप आणि ड्रॉइंगमध्ये ती बाकीच्यांना शिकवायची. त्यांना आपण नापास म्हणत नव्हतो. आता त्यांतलेच काही जण इथे मुलांचे बाप आहेत.

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्यांनी राज्याची ‘एनजे स्टार्स’ योजना वाचावी. हायस्कूलच्या वर्गात वरच्या १५ टक्क्यांत असलेल्या मुलांना काउंटी कॉलेजची, म्हणजे तिथल्या कम्युनिटी कॉलेजची, ट्यूशन फी भरावी लागू नये, यासाठी ती आहे. कमी मार्कांच्या मुलांची जागा असती, तर राज्यानं हुशार मुलांना तिकडे वळवायला पैसे का मोजले असते? स्पेस शटलची पहिली महिला कमांडर आयलीन कॉलिन्स न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजात गणित शिकली. मानवी जनुकांचा नकाशा वाचणाऱ्यांतला आघाडीचा शास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर कॉलेज ऑफ सॅन माटिओमधून पुढे गेला.

पैशांचा हिशेब तर सरळ आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजची फी युनिटमागे ४६ डॉलर. वर्षाचे ३० युनिट धरले तर १,३८० डॉलर, त्यावर पुस्तकं आणि किरकोळ आकार. क्वार्टर पद्धतीच्या डी अँझा किंवा फूटहिलसारख्या कॉलेजांत युनिटमागे ३१ डॉलर, पण युनिट ४५, म्हणून बेरीज जवळपास तीच. यूसीची नुसती फी वर्षाला १५ हजारांच्या आसपास, आणि राहणं-खाणं धरलं तर खर्च चाळीस हजारांच्या पुढे जातो.

एवढं पटलं की काही पालक दुसऱ्या टोकाला जातात. “दोन वर्षं स्वस्तात काढ, मग आपोआप बर्कलेला जाशील.” हा गैरसमज पहिल्याइतकाच घातक आहे, आणि हायस्कूल संपवून ऑगस्टमध्ये वर्गात बसणाऱ्या मुलांनी तो नीट समजून घ्यावा. देशभरात कम्युनिटी कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्या दहांतल्या आठ जणांना पुढे बॅचलर्स करायचं असतं. नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउसच्या आकड्यांवरून २०२४ मध्ये निघालेल्या अहवालानुसार तिथे सुरुवात करणाऱ्या सगळ्यांपैकी जेमतेम तृतीयांश ट्रान्सफर होतात, आणि सहा वर्षांत बॅचलर्स पूर्ण करणारे १६ टक्केच. यांतली बरीच मुलं नोकरी करत, घर चालवत शिकतात, त्यामुळे हा आकडा बुद्धीचा नाही. पण त्यात आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या हातात असतं: कोणता विषय कधी घ्यायचा याचा आराखडाच नसणं. अमेरिकी संसदेच्या जीएओ या तपासणी संस्थेनं २०१७ मध्ये सांगितलं होतं की कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया जातात. यात सगळ्या प्रकारची कॉलेजं आली, पण आकडा अंगावर काटा आणणाराच आहे.

क्रेडिट वाया कसं जातं, ते जवळून पाहू. कॅलिफोर्नियात ‘असिस्ट’ नावाची सार्वजनिक नोंद आहे, इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. आपलं कॉलेज, हवं ते विद्यापीठ आणि हवा तो मेजर निवडला की दोन रकाने समोर येतात. डावीकडे विद्यापीठाला हवा असलेला विषय, उजवीकडे त्याच्या बदल्यात तुमच्या कॉलेजातला चालणारा विषय. काही ओळींत उजवीकडे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असं लिहिलेलं सापडतं. याचा अर्थ तुमच्या कॉलेजात त्याला पर्याय नाही, तो शेजारच्या कॉलेजात घेता येतो का ते शोधायचं. याच ओळी मुलं वाचत नाहीत. मैत्रिणीनं घेतला म्हणून, किंवा वेळ सोयीची म्हणून विषय घेतात, ‘ए’ मिळवतात, आणि दोन वर्षांनी कळतं की युनिट मोजले गेले, पण मेजरच्या यादीत त्यांचा उपयोग शून्य.

इंजिनियरिंगचं उदाहरण घ्या. पहिलं कॅल्क्युलस झाल्याशिवाय मेकॅनिक्सचं फिजिक्स बहुधा घेता येत नाही. दुसरं कॅल्क्युलस, तिसरं, मग लिनियर अल्जेब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स, सगळं एकामागून एक. सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात चार सेमिस्टरमध्ये ही साखळी अगदी काठोकाठ बसते. पहिल्या सेमिस्टरला जागा भरल्या म्हणून कॅल्क्युलस हुकलं आणि ते उन्हाळ्यात भरून काढलं नाही, तर दोनाची तीन वर्षं झाली. जागा का भरतात? कारण ओरिएंटेशन आणि शिक्षणाचा आराखडा वेळेत पूर्ण करणाऱ्यांना नोंदणीची तारीख आधीची मिळते. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी, वसंत ऋतूतच हे उरकायचं असतं. जुलैत जाग येणाऱ्यांच्या वाट्याला वेटलिस्ट येते.

आणि ‘दोन वर्षं आहेत’ हे तर मुळात खरंच नाही. यूसीचा ट्रान्सफर अर्ज दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जातो, टॅगचा त्याही आधी सप्टेंबरमध्ये. म्हणजे अर्ज लिहिताना हातात ग्रेड असतात ते पहिल्याच वर्षाचे. हायस्कूल संपल्यावर ‘पहिली सेमिस्टर जरा रुळायला’ म्हणून सोडून देणारी मुलं अर्धी गुणपत्रिका सोडून देत असतात. हे कुणी त्यांना जूनमध्ये सांगत नाही, म्हणून मी इतक्या तावातावानं लिहितो आहे.

शिकवण्याच्या दर्जाबद्दलही शंका घेतात. कॅलिफोर्नियात बीजगणितापासून साहित्यापर्यंतचे विषय शिकवायला त्या विषयातली मास्टर्स किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. वर्गात बहुधा तीस-चाळीस मुलं असतात आणि प्राध्यापकाचं मुख्य काम शिकवणं हेच असतं. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाचं केमिस्ट्री शेकडो मुलांच्या सभागृहात चालतं. उणी बाजूही खरी आहे. बरेच प्राध्यापक अर्धवेळ असतात, दोन-तीन कॉलेजांत धावत असतात आणि वर्गानंतर सापडत नाहीत. ऑफिस अवर्सची वेळ पहिल्या आठवड्यातच लिहून ठेवावी आणि अडचण नसली तरी एकदा जाऊन यावं. कॅम्पसवर राहण्याची मजा नसते, ही तक्रारही बहुतेक कॉलेजांच्या बाबतीत रास्त आहे.

बाकीचे समज थोडक्यात.

“एसएटी नाही दिली.” लागतच नाही. प्लेसमेंट परीक्षेचीही धास्ती नको: कॅलिफोर्नियानं २०१७ च्या कायद्यानं ती मोडीत काढली, हायस्कूलचे ग्रेड पाहतात.

“१२ युनिट म्हणजे फुल-टाइम, तेवढे पुरेत.” आर्थिक मदतीसाठी पुरेत. ट्रान्सफरला ६० लागतात, आणि बारानं भागलं की पाच सेमिस्टर होतात.

“हायस्कूलमध्ये असताना घेतलेला कॉलेजचा क्लास गंमत म्हणून घेतला होता.” तो ग्रेड कॉलेजच्या गुणपत्रिकेवर कायमचा असतो.

“जमत नव्हतं, जायचं बंद केलं.” वर्गात न जाणं म्हणजे विषय सोडणं नव्हे. मुदतीत रीतसर ड्रॉप केला नाही तर एफ लागू शकतो.

“हायस्कूलमधली आयईपी, म्हणजे विशेष शिक्षणाची योजना, पुढे चालते.” चालत नाही. परीक्षेला जास्तीचा वेळ हवा असेल तर मुलानं स्वतः कॉलेजच्या अपंगत्व-सेवा कार्यालयात कागदपत्रं न्यावी लागतात.

“आपल्याला फाफ्सा, म्हणजे केंद्राच्या आर्थिक मदतीचा अर्ज, भरता येणार नाही, उत्पन्न जास्त आहे.” उत्पन्न जास्त असलं तरी भरता येतो, आणि फी माफीच्या बऱ्याच योजना तो अर्ज पाहूनच दिल्या जातात. एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर असलेल्या मुलांना मात्र केंद्राची मदत मिळत नाही. कॅलिफोर्नियात एच-४ वरच्या मुलाला अटी पूर्ण केल्या तर रहिवाशाच्या फीत शिकता येतं. पण वयाची २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो, बहुतेकांना एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो आणि फीचं गणितच बदलू शकतं. अठराव्या वर्षी सुरुवात केलेला मुलगा ट्रान्सफर झाल्यावर लवकरच या टप्प्याला येतो. ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या घरांनी कॉलेजच्या रेसिडेन्सी विभागाला आणि आपल्या वकिलाला पहिल्या सेमिस्टरआधीच विचारून ठेवावं.

“मी फोन करून प्राध्यापकांशी बोलतो.” हा गैरसमज खास पालकांचा. मूल कॉलेजात दाखल झालं की ‘फर्पा’ कायद्यानुसार त्याच्या नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा होतो, मग ते सतरा वर्षांचं का असेना. फी तुम्ही भरली असली तरी त्याच्या लेखी संमतीशिवाय कॉलेज सहसा तुम्हाला त्याचा ग्रेड सांगत नाही. काउन्सेलरची वेळ मुलानंच मागायची असते, आणि ती वेळ सेमिस्टर सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात सहसा मिळत नाही. मे महिन्यात मिळते.