छिद्रांची पहाणी

मावल्यावर काहीतरी लिहा, असे संपादकांनी कळविले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा तेथील तळे आणि उद्यान असावे. आदिलाबाद शहराला दक्षिणेकडून लगटून असलेले, ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावरचे हे गाव तेलंगणातील जिल्ह्यांच्या २०१६ च्या पुनर्रचनेत मंडलाचे ठाणे झाले, आणि सुटीच्या दिवशी शहरातली मंडळी हवा खाण्यास तेथे येतात. परंतु कापसाच्या अडत्यांचे व जिनिंगवाल्यांचे हिशेब ज्या संगणकांवर चालतात त्यांची देखभाल करणारा एक तरुण तेथे राहतो, आणि रोज सकाळी काळ्या पडद्यावर एक आज्ञा टंकून आपल्या ताब्यातील प्रत्येक यंत्रात सुरक्षेतील कोणकोणती ज्ञात छिद्रे शिल्लक आहेत याची झडती घेतो, हे कानांवर आल्यावर तळे बाजूस ठेवण्यास मला फारसा संकोच वाटला नाही.

या छिद्रांच्या दप्तराचा इतिहास लवकर उरकता येतो. पूर्वी एकाच दोषाला जो तो आपापले नाव देई, आणि दोन जण एकाच दोषाविषयी बोलत आहेत की दोन निराळ्या, याचाच निवाडा होत नसे; म्हणून १९९९ च्या जानेवारीत अमेरिकेतील मायटर संस्थेच्या डेव्हिड मान व स्टीव्हन क्रिस्टी यांनी सामाईक सूचीची कल्पना मांडली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ३२१ नोंदींनिशी ‘सीव्हीई’ सूची प्रसिद्ध झाली. वर्ष आणि अनुक्रम एवढाच नोंदीचा क्रमांक. दोषाची तीव्रता शून्य ते दहा या मापात ठरवून तपशील जोडण्याचे काम ‘एनव्हीडी’ हा निराळा अमेरिकी सरकारी संग्रह करतो. आपल्याकडे संगणकीय सुरक्षेसाठी २००४ पासून दिल्लीची ‘सर्ट-इन’ ही सरकारी संस्था आहे. कोठे संगणकीय आगळीक घडली तर सहा तासांच्या आत वर्दी द्यावी, असा तिचा २०२२ चा हुकूम आहे.

तरुणाची आवडती आज्ञा ‘डेबसेकॅन’ ही होय. फ्लोरियन वायमर यांनी रचलेली ही आज्ञावली डेबियन प्रणालीवर चालते. ती डेबियनच्या सुरक्षामंडळाचे दप्तर यंत्रावर उतरवून घेते, यंत्रात बसविलेल्या प्रत्येक पॅकेजची आवृत्ती त्याच्याशी ताडून पाहते, आणि छिद्राचा क्रमांक, पॅकेजचे नाव व ते दुरून भेदता येण्याजोगे आहे काय, अशा ओळी छापते. ताडणी घरच्या घरी होत असल्यामुळे आपल्याकडे काय बसविले आहे याचा पत्ता बाहेर कोणास लागत नाही. शिवाय एनव्हीडीस परस्पर प्रश्न विचारू गेल्यास, खास परवानगीची किल्ली घेतलेली नसेल तर, तीस सेकंदांत पाचच प्रश्न विचारण्याची मुभा असते, ती अडचणही येथे नाही.

ताडणी म्हणजे दोन आकड्यांतला लहानमोठेपणा पाहणे, असे मी समजून होतो; तरुणाने तो समज तत्परतेने मोडला. २०१४ च्या एप्रिलात उघडकीस आलेले ‘हार्टब्लीड’ त्याने उदाहरणादाखल घेतले. सीव्हीई-२०१४-०१६० हा त्याचा क्रमांक. एका विचारणीसरशी ६४ किलोबाइटपर्यंत स्मृती परक्याच्या हाती देणारा हा दोष ओपनएसएसएलच्या १.०.१जी या आवृत्तीत दुरुस्त झाला. परंतु डेबियनने ती नवी आवृत्ती न घेता जुन्या १.०.१ई मध्येच ठिगळ लावले व तिला १.०.१ई-२+डेब७यू५ असे नाव दिले. नुसता पहिला आकडा पाहणारे हत्यार या यंत्राला बुडालेले ठरवील, आणि यंत्र तर सुखरूप! “काका, आकडा जुना हाय, पण भोक बुजवलेलं हाय,” तो म्हणाला, आणि जाळ्याची तार काढून ठेवून त्याने दुसरी एक आज्ञा टंकली. प्रत्येक पॅकेजबरोबर दुरुस्त्यांचे टिपण दडपून बांधलेल्या स्वरूपात यंत्रातच येते. त्यात ‘झेडग्रेप’ने तो क्रमांक शोधताच दुरुस्तीची ओळ पडद्यावर आली. निजामी अमदानीपासून या मुलुखात पहाणीच्या कागदाला जी किंमत आहे, ती त्याच्या लेखी या ओळीला आहे: कब्जा कोणाचा, हे जमिनीकडे पाहून कळत नाही, नोंद पाहावी लागते.

मला मात्र मोह पडला तो आवृत्त्यांचा क्रम लावणाऱ्या ‘डीपीकेजी’चा. तिच्या कायद्यात टिल्डा नावाचे नागमोडी चिन्ह सर्वांच्या आधी येते, इतके आधी की काहीच नसण्याच्याही आधी; म्हणून १.० च्या पुढे टिल्डा देऊन काही लिहिले की ते १.० पेक्षा लहान ठरते, आणि पूर्वचाचणीची आवृत्ती पक्क्या आवृत्तीच्या मागे आपोआप उभी राहते. दोन आवृत्त्या पुढ्यात टाकून निवाडा मागितला तर ती चकार शब्द काढीत नाही. होय असल्यास शून्य आणि नाही असल्यास एक, असा निकाल मागे ठेवून निघून जाते. इतका मितभाषी अंमलदार मी पाहिला नाही.

डेबियनच्या ज्या दप्तरावर ही सारी मदार आहे ते माणसांनी, त्यांतही पुष्कळशा स्वयंसेवकांनी, साध्या मजकुराच्या फायलीत राखलेले आहे. ‘हे आमचे नव्हे’, ‘किरकोळ बाब’, ‘तपासणे आहे’ असे शेरे त्यात नोंदींखाली पडलेले असतात. ते वाचताना कौतुक वाटते आणि धाकधूकही. २०२४ या एका वर्षात चाळीस हजारांहून अधिक सीव्हीई क्रमांक निघाले; त्याच वर्षी फेब्रुवारीपासून एनव्हीडीचे काम तुंबले आणि असंख्य नोंदी तीव्रतेवाचून, कोणत्या पॅकेजला लागू हेही न लिहिता पडून राहिल्या. पुढे २०२५ च्या एप्रिलात तर मूळ सूचीचाच सरकारी करार संपण्यास आला, व अगदी अखेरच्या क्षणी त्यास अकरा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. छिद्रांची संख्या दरसाल फुगते आहे, आणि ती लिहून ठेवणाऱ्यांची बिदागी अशी टांगणीला!

दप्तर चोख असले तरी झडतीत सापडते ते पॅकेज म्हणून बसविलेलेच. २०२१ च्या डिसेंबरातला ‘लॉगफोरजे’ या जावा घटकाचा दोष, सीव्हीई-२०२१-४४२२८, पुरत्या दहा गुणांचा होता. पण तो जावा आज्ञावलींच्या गाठोड्यात आणि त्या गाठोड्याच्या आतल्या गाठोड्यात दडलेला असे. हिशेबाची आज्ञावली विक्रेत्याने असे गाठोडे म्हणून दिली असेल, तर डेबसेकॅनला त्याचा मागमूस लागत नाही. त्यासाठी फायलींच्या पोटात शिरून पाहणारी ‘ट्रिव्ही’ किंवा ‘ग्राइप’ यांसारखी दुसरी हत्यारे हवीत, आणि तीही विक्रेत्याने आत काय भरले ते ओळखू आले तरच कामाची.

शिवाय डेबसेकॅनला एक पर्याय जोडता येतो. मग ज्यांवर इलाज निघालेला आहे तेवढीच छिद्रे दिसतात. यादी आटोपशीर होते, म्हणून पुष्कळ जण तो कायमचा लावून ठेवतात. एका अडत्याकडे मात्र डेबियन १० चे यंत्र आहे, आणि त्या आवृत्तीची लांबविलेली मुदतही ३० जून २०२४ रोजी सरली. सर्वसाधारण मार्गाने तिला आता इलाज येणार नाहीत, तेव्हा हा पर्याय लावून मिळालेल्या कोऱ्या पडद्याचा अर्थ औषध उरले नाही एवढाच. त्या यंत्रापुरता तरुणाने तो काढून टाकला, सबंध यादी कागदावर उतरवून मालकाच्या गादीवर नेऊन ठेवली, आणि नव्या यंत्राचा खर्चही तोंडी सांगितला. शेठजींनी कागद चाळून ठरविले की कापूस उठल्यावर बघू.