रुग्णालयातून घरी : साहित्याआधी घराचे माप

पक्षाघात झालेला किंवा मणक्यास इजा पोहोचलेला रुग्ण अनेक आठवड्यांच्या उपचारांनंतर घरी निघतो, तेव्हा आमच्या दप्तरी त्याचे प्रकरण पूर्ण होते. रुग्णाची खरी कसोटी मात्र त्या दिवसापासून सुरू होते.

कर्जत व खालापूर तालुक्यांतील वाड्यापाड्यांवर घरांचे जोते उंच, दारे अरुंद आणि शौचालय बहुधा घराबाहेर असते. प्रौढांची चाकाची खुर्ची साधारणतः २५ इंच रुंद असते. दोन फुटी दारातून ती आत जात नाही. खुर्ची ओटीवर आणि रुग्ण खाटेवर पडून राहतो. वेळच्या वेळी कूस बदलली न गेल्यास शय्याव्रण होतात व रुग्णास पुन्हा दाखल करावे लागते.

यास्तव घरी सोडण्यापूर्वी नातेवाइकांनी चार मापे आणावीत, असा आमचा आग्रह असतो : दाराची रुंदी, जोत्याची उंची, खाटेची उंची व शौचालयाचे अंतर. उतरणीचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा आहे. सहा इंचांच्या पायरीस सहा फूट लांबीची उतरण लागते. खाट व खुर्चीची बैठक समपातळीत असल्यास रुग्णास गुळगुळीत फळीवरून सरकवता येते. उचलावे लागत नाही. शौचालय दूर असल्यास कमोडची खुर्ची खाटेजवळ ठेवावी. चालू शकणाऱ्या रुग्णाच्या काठीची मूठ मनगटाच्या रेषेत असावी. काठीच्या तळाची रबरी टोपी झिजताच बदलावी. पावसाळ्यात ओल्या फरशीवर तीच आधार देते.

खर्चासाठी शासकीय योजना आहेत. केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या एडिप योजनेसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. ज्येष्ठांसाठी २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू झाली. राज्य शासनाने २०२४ साली जाहीर केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींस एकरकमी ३,००० रुपयांची तरतूद आहे. कागदपत्रे जमविण्यास वेळ लागतो. म्हणून रुग्ण दाखल असतानाच अर्जाची तयारी आरंभावी.

दिलेली प्रत्येक खुर्ची आमच्या खतावणीत खर्च म्हणून नोंदली जाते. तो खर्च सार्थकी लागला की नाही, हे रुग्णाच्या घरी गेल्यावरच कळते. आपल्या घरी वापराविना पडलेले वॉकर, कुबड्या वा चाकाची खुर्ची सुस्थितीत असल्यास ती गरजू रुग्णासाठी संस्थेकडे सुपूर्द करावी, ही हितचिंतकांस नम्र विनंती.